पेटीवरचा '१००' कशाचा? जुन्या प्रयोगशाळांना आणि संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
जुन्या महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र व विद्युत अभियांत्रिकी विभागप्रमुख, प्रयोगशाळा सहायक, निर्लेखन समित्यांचे सदस्य आणि विज्ञान संग्रहालयांचे अभिरक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात एखादी जुनी रोधपेटी, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक मापाचा विरोध (रोध) देणारी पेटी, असेल. लाकडी पेटी, वर काळ्या एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) फळी, फळीवर पितळी ठोकळ्यांची रांग आणि ठोकळ्यांमधल्या भोकांत बसणारे प्लग. डेडस्टॉक रजिस्टरात तिच्यासमोर बहुधा 'रेझिस्टन्स बॉक्स, १ नग' एवढेच लिहिलेले असते. तिचे नाव निर्लेखनाच्या यादीत घालण्याआधी, किंवा तिला पॉलिश करून काचेआड ठेवून खाली 'ओहममधील रोधपेटी' अशी चिठ्ठी लावण्याआधी, एक गोष्ट तपासावी ही आमची विनंती आहे. पेटीवर १, २, ५, १०, १०० असे जे आकडे कोरले आहेत, ते कोणत्या एककाचे आहेत?

ओहम हे रोधाचे आजचे एकक, म्हणून 'ओहमचे, दुसरे कशाचे असणार' असे धरून चालण्याची पद्धत आहे. १८६० पासून पुढच्या चाळीसेक वर्षांतल्या पेटीबाबत ते धरून चालता येत नाही. त्या काळातल्या पेटीवरचा '१००' आजच्या ओहममध्ये मोजला तर ९४.१ भरू शकतो, ९८.७ भरू शकतो, ९९.८ किंवा १००.०५ सुद्धा. हे चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ती चार वेगळी एकके आहेत: सीमेन्सचे पारा-एकक, ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे एकक, लीगल ओहम आणि इंटरनॅशनल ओहम. यांतले पहिले आज सर्वांत जास्त विस्मरणात गेले आहे आणि चुकीच्या चिठ्ठीचा फटकाही त्यालाच सर्वाधिक बसतो. म्हणून या पत्रात त्याच्याबद्दल जरा विस्ताराने लिहीत आहोत.

ओहमचा नियम १८२७ सालच्या ग्रंथातला. पण रोध मोजायचा कशात, हे त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे ज्याने त्याने आपल्यापुरते ठरवले. व्हीटस्टोनने १८४३ मध्ये एक फूट लांब आणि १०० ग्रेन (सुमारे साडेसहा ग्रॅम) वजनाची तांब्याची तार प्रमाण धरली. सेंट पीटर्सबर्गच्या याकोबीने १८४८ मध्ये सुमारे ७.६२ मीटर लांब, ०.६६७ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार धरली आणि तिच्या प्रती इतर शास्त्रज्ञांना पाठवल्या. तारखात्यांत जर्मन मैलभर तार, इंग्लिश मैलभर तार, फ्रान्समध्ये किलोमीटरभर लोखंडी तार अशी मापे चालत. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांचा, तसाच हा प्रकार होता.

यात खरा दोष मापांच्या गर्दीचा नव्हता, तांब्याचा होता. याकोबीच्या तारेची लांबी-जाडी घेऊन शुद्ध तांब्याचा हिशेब केला तर रोध ०.३७-०.३८ ओहम येतो. प्रत्यक्षात ते एकक ०.६३-०.६४ ओहमच्या आसपास भरले. म्हणजे त्या तारेचे तांबे शुद्ध तांब्याच्या जेमतेम साठ टक्के वाहक होते. तांब्यात आर्सेनिक, लोह, फॉस्फरस यांचा नुसता अंश असला तरी रोध किती वाढतो हे रसायनशास्त्रज्ञ माथिसेनने पुढे मोजून दाखवले. स्पेनमधल्या रिओ टिंटोचे तांबे शुद्ध तांब्याच्या सातव्या हिश्शाइतकेच वाहक निघाले. त्यातच तार ओढताना कडक होते, तापवून थंड केली की मऊ होते, आणि दोन्ही वेळा तिचा रोध बदलतो. त्यामुळे 'इतकी लांब, इतकी जाड तांब्याची तार' एवढ्या वर्णनावरून दुसऱ्या गावात तेच एकक उभे करता येत नसे. मूळ तारेची प्रत मागवण्यावाचून इलाज नव्हता, आणि प्रवासात, वाकण्यात, वर्षानुवर्षे पडून राहण्यात त्या प्रतीचे काय झाले हे तपासायचीही सोय नव्हती.

जर्मन अभियंता वेर्नर सीमेन्सने १८६० मध्ये मांडलेला प्रस्ताव या अडचणीवर नेमका बोट ठेवणारा होता. शुद्ध पाऱ्याचा एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा स्तंभ, तापमान शून्य अंश सेल्सियस. त्याचा रोध म्हणजे एक एकक. पारा द्रव असल्यामुळे तो ओढला-तापवल्याच्या खुणा बाळगत नाही. तो ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येतो. तापमानाचा परिणामही त्याच्यावर बेताचा होतो: एका अंशाला तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्के बदलतो, पाऱ्याचा ०.०९ टक्के. आणि शून्य अंश तापमान तर शुद्ध बर्फ वितळत ठेवला की कुठेही मिळते. बर्लिनहून काही मागवायचे नाही. काचेची नळी, चांगला तराजू, मोजपट्टी, बर्फ आणि पारा जिथे असेल तिथे एकक तयार होते. आमच्या मते एकोणिसाव्या शतकातल्या मापनशास्त्रातला हा सर्वांत नेटका विचार आहे.

करायला मात्र तो सोपा नव्हता. कुठे काय बिघडते हे कळल्याशिवाय या एककाची किंमत कळत नाही.

नळी निवडण्यापासून सुरुवात. ओढून केलेल्या काचनळीचे भोक कधीच सगळीकडे सारखे नसते. त्यासाठी नळीत काही सेंटिमीटर लांबीचा पाऱ्याचा तुकडा घेतात, तो नळीभर थोडा थोडा सरकवतात आणि प्रत्येक जागी त्याची लांबी मोजतात. पारा तेवढाच, म्हणून तुकडा जिथे लांबतो तिथे भोक अरुंद, जिथे आखडतो तिथे रुंद. फुगवटे किंवा आखडलेल्या जागा असलेली नळी बाद करायची. एका टोकाकडून दुसऱ्याकडे सावकाश निमुळती होत गेलेली नळी चालते, कारण तिची दुरुस्ती हिशेबात करता येते. सर्वांत मोठा छेद आणि सर्वांत लहान छेद यांचे गुणोत्तर घ्यावे. त्याचे वर्गमूळ, त्या वर्गमुळाचा व्यस्त आणि १ यांची बेरीज करून तिला तीनने भागावे. येणाऱ्या संख्येने रोधाला गुणावे. छेदांत ४ टक्के फरक असेल तर ही दुरुस्ती ०.०१३ टक्के येते, म्हणजे जवळजवळ नगण्य. फरक २० टक्के असेल तर ती ०.२८ टक्क्यांवर जाते. नळी निवडण्यात घालवलेला वेळ इथे वसूल होतो.

नेमक्या एक चौरस मिलिमीटर छेदाची नळी मिळणे अशक्यच, आणि छेद सरळ मोजणेही अवघड. यावरची युक्ती म्हणजे वजन. नळीची टोके घासून सपाट करायची, लांबी मोजायची, नळी नायट्रिक आम्लाने आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, धूळ नसलेल्या हवेने कोरडी करायची, ती पाऱ्याने काठोकाठ भरायची, दोन्ही टोके सपाट काचेने दाबून जादा पारा काढायचा आणि आतला पारा तोलायचा. लांबीचा वर्ग गुणिले पाऱ्याची घनता भागिले वजन, की रोध हाती आला. एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या स्तंभात १३.५९६ ग्रॅम पारा बसतो, म्हणून तराजूत एक मिलिग्रॅमची चूक झाली तर रोधात ०.००७ टक्क्यांचीच चूक होते. लांबीत मात्र जपावे लागते, कारण सूत्रात तिचा वर्ग आहे: मीटरभर लांबीत दशांश मिलिमीटर चुकले तर रोध ०.०२ टक्क्यांनी चुकतो. घनताही तितकीच महत्त्वाची. १३.५९६ च्या जागी १३.५५७ धरली तर एकक सरळ ०.२९ टक्क्यांनी हलते, आणि हातात धरलेल्या नळीवर त्याची कसलीही खूण दिसत नाही.

भरताना तापमान पाळले नाही तर आणखी मोठी चूक होते. पारा काचेपेक्षा बराच जास्त प्रसरण पावतो. तीस अंशाला नळी भरून तोलली तर शून्य अंशाच्या मानाने तिच्यात सुमारे ०.४७ टक्के पारा कमी बसतो. दुरुस्ती न करता तेच वजन सूत्रात घातले तर रोध तेवढाच जास्त येतो. थंड देशात हिवाळ्यात हे चुकून निभावून जाईल. आपल्याकडच्या हवेत निभावत नाही.

शेवटी जोडणी. नळीची दोन्ही टोके पाऱ्याने भरलेल्या रुंद वाट्यांत उघडतात आणि तिथून प्रवाह आत शिरतो. अरुंद नळीतून रुंद वाटीत जाताना प्रवाहाच्या रेषा एकदम पसरत नाहीत, त्यामुळे नळी विजेच्या दृष्टीने आहे त्यापेक्षा जरा लांब भासते: प्रत्येक टोकाला त्रिज्येच्या सुमारे ०.८ पट. एक चौरस मिलिमीटर छेदाची त्रिज्या ०.५६४ मिलिमीटर, म्हणून दोन्ही टोके मिळून ०.९ मिलिमीटर, म्हणजे मीटरमागे ०.०९ टक्के. पाऱ्यात बुडवलेली तांब्याची टोकेही हळूहळू विरघळतात आणि पारा मळतो. एकदा भरून ठेवलेली नळी म्हणून वर्षानुवर्षे विश्वासाची राहत नाही. ती रिकामी करून, धुऊन, ताज्या पाऱ्याने पुन्हा भरावी लागते. जस्त-शिशाचा अंश असलेला पारा काचेला पातळ पापुद्रा सोडतो आणि त्या पापुद्र्याखाली हवेचा बुडबुडा अडकला तर रोध वाढतो. रोजच्या वापरासाठी म्हणूनच नळी नसे. नळीशी ब्रिजवर (दोन रोधांची तुलना करणाऱ्या मांडणीवर) ताडून जर्मन सिल्व्हरच्या (तांबे-जस्त-निकेलच्या मिश्रधातूच्या) तारेची वेटोळी केलेली असत, आणि आपल्या कपाटातल्या पेटीत आहेत ती हीच. पेटी म्हणजे पाऱ्याच्या नळीची प्रत.

ब्रिटिश असोसिएशनचा मार्ग वेगळा होता. १८६१ मध्ये नेमलेल्या तिच्या समितीला रोध लांबी आणि काळ यांच्या मूळ एककांतून काढायचा होता, म्हणजे यंत्रशास्त्र आणि वीज एकाच मापपद्धतीत बसतील. मॅक्सवेल, बॅल्फोर स्ट्यूअर्ट आणि फ्लीमिंग जेंकिन यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात १८६३-६४ मध्ये तारेचे मोठे वेटोळे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात फिरवले आणि मध्यभागी टांगलेला छोटा चुंबक किती वळतो ते मोजले. पृथ्वीचे क्षेत्र कमी-जास्त झाले तर वेटोळ्यातला प्रवाह आणि चुंबकाला मागे ओढणारे बल दोन्ही त्याच प्रमाणात बदलतात, म्हणून उत्तरातून ते क्षेत्र निघूनच जाते. कल्पना सुंदर होती. पण वेटोळ्याच्या स्वप्रेरणाच्या (प्रवाह बदलताना वेटोळ्यातच उद्भवणाऱ्या विरोधाच्या) हिशेबातली चूक आणि इतर काही कारणे मिळून एकक ठरवलेल्यापेक्षा सुमारे १.३ टक्के लहान निघाले. हे पक्के व्हायला १८८० नंतरची भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांची केंब्रिजमधली मापने यावी लागली. मधल्या काळात चांदी-प्लॅटिनमच्या तारेची, पॅराफिनमध्ये बसवलेली प्रमाण वेटोळी 'ओहम' या नावानेच जगभर गेली होती. म्हणूनच १८७० च्या सुमाराच्या इंग्लिश पेटीवर 'ओहम' असा स्वच्छ शब्द कोरलेला असला तरी तो आजचा ओहम नसतो.

पुढचे थोडक्यात. १८६८ च्या व्हिएन्ना तार परिषदेने सीमेन्सचे एकक आंतरराष्ट्रीय तारव्यवहारासाठी स्वीकारले. १८८१ च्या पॅरिस परिषदेने तडजोड केली: ओहमची किंमत ब्रिटिश विचारातून घ्यायची, पण तो दाखवायचा पाऱ्याच्या एक चौरस मिलिमीटर छेदाच्या स्तंभाने. १८८४ मध्ये त्या स्तंभाची लांबी १०६ सेंटिमीटर ठरली. तो लीगल ओहम. १८९३ मध्ये शिकागोत ती १०६.३ सेंटिमीटर झाली आणि छेदाऐवजी वजन लिहिले गेले, १४.४५२१ ग्रॅम, तो इंटरनॅशनल ओहम. १०६.३ सेंटिमीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या स्तंभातला पारा तोलला तर बरोबर तेवढेच वजन येते, म्हणजे सीमेन्सचाच स्तंभ ६.३ सेंटिमीटरने लांबवलेला. १९०८ च्या लंडन परिषदेने तो कायम केला. १९४८ मध्ये निरपेक्ष ओहम (मूळ यांत्रिक एककांतून काढलेला) आला तेव्हा कुठे पारा व्याख्येतून गेला. त्या वेळी एक इंटरनॅशनल ओहम १.०००४९ निरपेक्ष ओहमबरोबर धरला गेला. सीमेन्सचे एकक बाद झाले असे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्याची नळी चौसष्ट वर्षे ओहमच्याच नावाने चालत राहिली.

आता एककाची नोंद का हवी ते. तारेतला बिघाड शोधण्याचे उदाहरण घ्यावे. समुद्राखालच्या तारेचा दर सागरी मैलाला रोध कारखान्यातच मोजून ठेवलेला असे. तार तुटली की किनाऱ्यावरून तुटीपर्यंतचा रोध मोजायचा आणि भागाकार करायचा, की जहाज कुठे न्यायचे ते कळते. दोन्ही मापे एकाच एककात असतील तर ते एकक कोणते याने काही बिघडत नाही. भागाकारात ते उडून जाते. घोटाळा मिसळण्यात आहे. समजा तारेचा रोध मैलाला १२ ब्रिटिश असोसिएशन एकके आणि किनाऱ्यावरच्या पेटीने ६००० दाखवले. पेटी त्याच एककाची असेल तर बिघाड ५०० मैलांवर. पेटी सीमेन्स एककाची असेल तर ते ६००० म्हणजे ५७२१ ब्रिटिश एकके, आणि बिघाड ४७७ मैलांवर. तेवीस सागरी मैलांचा फरक. खोल समुद्रात लोखंडी गळ टाकून तार हुडकणाऱ्या जहाजाचे कित्येक दिवस. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि त्याच वर्षी सीमेन्स बंधूंनी उभारलेली लंडन-तेहरान तारवाट सुरू होऊन हिंदुस्थानच्या तारांशी जोडली गेली. हिंदुस्थान त्यामुळे दोन्ही मापपरंपरांच्या वाटेवर होता. त्या काळच्या चाचणी-नोंदवह्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या टंकलिखित करताना आकडे 'दुरुस्त' करू नयेत. मूळ आकडा, वहीत लिहिलेले मूळ एकक, आणि हवेच असेल तर वेगळ्या रकान्यात आजचा ओहम. मूळ रकाना एकदा पुसला की चूक कोणाची, मोजणाऱ्याची की रूपांतर करणाऱ्याची, हे कधीच कळणार नाही.

पेटी ओळखायची कशी? आधी कोरलेला मजकूर वाचावा. एस. ई. ही रोमन अक्षरे म्हणजे सीमेन्सचे एकक, क्यू. ई. असेल तरी पारा-एककच. बी. ए. असेल तर ब्रिटिश असोसिएशन. 'लीगल' किंवा 'इंट.' असेल तर प्रश्नच मिटला. नुसते 'ओहम' असेल किंवा काहीच नसेल, तर मोजावे लागते, आणि ते अर्ध्या दिवसाचे काम आहे.

पेटी आदल्या दिवशीच मोजायच्या खोलीत आणून ठेवावी. ऊन नको, पंख्याचा झोत नको. शेजारी थर्मामीटर ठेवावा. झाकणात थर्मामीटरसाठी भोक असेल तर त्यात घालावा. साध्या दोन तारांच्या मल्टिमीटरने छोटी वेटोळी मोजू नयेत, कारण प्रोबच्या तारांचाच रोध काही दशांश ओहम असतो आणि १ च्या वेटोळ्यावर तो सगळा निकाल गिळून टाकतो. चार तारांची सोय असलेला मीटर वापरावा, नाहीतर चांगल्या प्रमाण रोधाशी ब्रिजवर ताडावे. सगळे प्लग बसवून आधी शून्याचे माप घ्यावे आणि ते प्रत्येक मापातून वजा करावे. प्लग काढला की त्याच्या खालचे वेटोळे प्रवाहाच्या वाटेत येते, म्हणून मग एकेक प्लग काढून प्रत्येक वेटोळे मोजावे. शेजारचा प्लग काढला की ठोकळे किंचित हलतात आणि बाकीचे प्लग सैल होतात, म्हणून दर वेळी उरलेले प्लग हलक्या पिळाने पुन्हा दाबावेत. जोर लावू नये.

मग मोजलेला आकडा भागिले कोरलेला आकडा, हे गुणोत्तर प्रत्येक वेटोळ्यासाठी काढावे. खरी ओळख एका आकड्यातून पटत नाही, या सगळ्या गुणोत्तरांच्या सारखेपणातून पटते. सगळी ०.९४१ च्या आसपास आली तर पेटी सीमेन्स एककाची आहे यात शंका नाही. तेव्हा 'पेटी सहा टक्के चुकते आहे' असा शेरा मारून ती बाद करणे म्हणजे बिनचूक उपकरणाला नापास करणे. सगळी ०.९८७ च्या आसपास आली तर ब्रिटिश असोसिएशन. एखादेच वेटोळे वेगळे पडले तर तेवढे बिघडलेले किंवा नंतर बदललेले. फक्त छोटी वेटोळी जास्त दाखवत असतील तर प्लग मळले आहेत. फक्त हजारांची, दहा हजारांची वेटोळी कमी दाखवत असतील तर एबोनाइटच्या पृष्ठभागावरून गळती आहे.

तापमानाची दुरुस्ती विसरू नये. या पेट्या बहुधा पंधरा-सोळा अंशाला बरोबर केलेल्या असत. जर्मन सिल्व्हरचा रोध अंशामागे ०.०३ ते ०.०४ टक्के वाढतो, म्हणजे तीस अंशाला अर्धा टक्का. सीमेन्स आणि इंटरनॅशनल यांच्यात सहा टक्के अंतर आहे, तिथे याने गफलत होणार नाही. पण ब्रिटिश असोसिएशनची पेटी तीस अंशाला ०.९९२ दाखवेल आणि लीगलच्या दिशेने सरकलेली वाटेल. लीगल आणि इंटरनॅशनल यांच्यात तर अंतरच पाव टक्क्याचे. शंभर-सव्वाशे वर्षांत तार स्वतःच तेवढी बदललेली असू शकते, म्हणून तिथे नुसत्या मापावरून निकाल देऊ नये. जानेवारीच्या सकाळी एकदा आणि मेच्या दुपारी एकदा मोजले तर आणखी एक गोष्ट कळते. वीस अंशांच्या फरकाने रोध अर्ध्या ते पाऊण टक्क्याने वाढला तर तार जर्मन सिल्व्हरची किंवा चांदी-प्लॅटिनमची. तो जागचा हललाच नाही तर तार मँगनिनची (तापमानाने रोध जवळजवळ न बदलणाऱ्या मिश्रधातूची), म्हणजे वेटोळी १८९० च्या आधीची असण्याचा संभव जवळजवळ नाही.

साफसफाईतच सर्वांत जास्त नुकसान होते. प्लगला सँडपेपर लावू नये, ब्रासो लावू नये. प्लग आणि त्याचे भोक एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकदा कोन बिघडला की संपर्क कायमचा गेला. स्पिरिटने ओलावलेले सुती कापड पुरते. एबोनाइट उजेडाने हिरवट-तपकिरी होते, त्यातल्या गंधकापासून पृष्ठभागावर आम्लाचा ओलसर थर येतो आणि गळती तिथून होते. तो ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपावा, लगेच कोरडा करावा. गरम पाणी नको, स्पिरिट एबोनाइटवर नको, तेल नको. पेटीत पाणी जाऊ देऊ नये. आत रेशीम गुंडाळलेली तार आहे. ही तार दुहेरी करून गुंडाळलेली असते, म्हणजे तिचे चुंबकी क्षेत्र उरत नाही. कुतूहलापोटी ती उलगडू नये. पेटीला बॅटरी एलिमिनेटर थेट जोडू नये; १ च्या वेटोळ्यावर सहा व्होल्ट लावले तर पॅराफिन वितळते, मग तारही जाते.

चिठ्ठी आणि रजिस्टरातली नोंद अशी असावी: 'रोधपेटी, १ ते ५०००, कोरलेले एकक एस. ई. म्हणजे सीमेन्सचे पारा-एकक; १ एकक = ०.९४१ ओहम; मोजल्याची तारीख, तापमान, प्रत्येक वेटोळ्याचे माप; निर्मात्याचे नाव व क्रमांक'. रूपांतरासाठी १ ब्रिटिश असोसिएशन एकक = ०.९८७ ओहम, १ लीगल ओहम = ०.९९८ ओहम. तिथे नुसते 'सीमेन्स' लिहू नये, कारण १९७१ पासून त्या नावाचे एकक वाहकतेचे आहे, रोधाच्या उलटे. '१०० सीमेन्स' वाचणारा आजचा विद्यार्थी शंभरांश ओहम समजेल, आणि पेटीत आहेत चौऱ्याण्णव ओहम. वापरातल्या पोस्ट ऑफिस बॉक्समध्ये (ब्रिज आणि रोधपेटी एकत्र असलेल्या पेट्यांमध्ये) सुद्धा एखादा जुना नग मिसळलेला असू शकतो. व्हीटस्टोन ब्रिजच्या प्रयोगात एकाच टेबलावरची उत्तरे वर्षानुवर्षे सहा टक्के जास्त येत असतील तर विद्यार्थ्यांचे गुण कापण्याआधी ती पेटी मोजावी.

पेटीसोबत कधी काचेची नळी, पाऱ्याच्या वाट्या किंवा पाऱ्याची बाटली निघते. नळीवर लांबी, वजन, क्रमांक कोरलेले असतील तर ती पेटीहूनही दुर्मिळ वस्तू आहे. ती धुऊ नये, रिकामी करू नये, टोकांना हात लावू नये. तिचे फोटो काढून ती आडवी, कापसात ठेवावी. सुटा पारा बेसिनमध्ये ओतू नये आणि झाडूने गोळा करू नये. खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हातमोजे घालून थेंब कागदाच्या कडेने एकत्र आणून ड्रॉपरने उचलावेत. फटीत गेलेल्यावर गंधकाची पूड टाकावी. गोळा केलेला पारा जाड बुचाच्या बाटलीत, बाटली ट्रेमध्ये, वर ठळक चिठ्ठी, आणि धोकादायक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच तो सोपवावा. विद्यार्थ्यांकडून पाऱ्याची नळी भरून घेण्याचा प्रयोग करू नये; वर दिलेले आकडे घेऊन तो कागदावर करवून घेता येतो, आणि बी.एस्सी.च्या वर्गाला निमुळत्या नळीचे सूत्र सिद्ध करायला दिले तर एक तास उत्तम जातो.

निर्लेखनाची बैठक ठरलेली असेल आणि मोजणीला वेळ नसेल, तर निदान पेटीच्या वरच्या फळीचा सरळ वरून, सगळी अक्षरे वाचता येतील असा एक फोटो आणि तळाचा एक फोटो काढून ठेवावा, आणि पेटीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलावा.

आपले,
जुनी विद्युत-मापन उपकरणे तपासून त्यांच्या नोंदी करणारे आम्ही काही जण